महिन्याचे चार दिवस

"पाळी अजून येते का?" डॉक्टरांनी विचारलं अक्काला, आणि उत्तर दिलं दादांनी.

"येती की. एक वेळ घड्याळ चुकंल, पण ही चुकायची न्हाई. म्हैन्याच्या म्हैन्याला चार दिस बाजूला बसती."

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, मालन. दादा तिचे मालक, माझे थोरले दीर. तालुक्याच्या गावातल्या त्या दवाखान्यात डॉक्टर कोरगावकरांसमोर खुर्च्या दोनच होत्या. एकीवर दादा बसले होते, दुसरीवर सासूबाई. त्यांना आम्ही आत्ती म्हणायचो. जिचं दुखणं होतं ती तपासायच्या टेबलाच्या कडेला पाय सोडून बसली होती, आणि मी डब्याची थैली धरून दाराशी उभी होते.

"मधे बंद होऊन परत सुरू झाली, असं काही?" डॉक्टरांनी पुन्हा अक्कालाच विचारलं. "वर्षभर काहीच नाही आणि मग एकदम रक्त, असं?"

"न्हाई," अक्का फरशीकडे बघत म्हणाली.

"नक्की सांगा. त्याच्यावर पुढचं सगळं ठरतं." डॉक्टर तसे सरळ माणूस. त्यांनी कागदावर गर्भपिशवीचं चित्र काढून दादांपुढे धरलं. "पिशवीत नारळाएवढी गाठ आहे. पाळी चालू असलेल्या कितीतरी बायकांना असते, आणि बहुतेक वेळा ती साधीच असते. पण पाळी गेल्यावर गाठ वाढायला लागली, रक्त दिसायला लागलं, तर मला कॅन्सरचा संशय घ्यावा लागतो. मग आधी आतला नमुना काढून तपासायला पाठवायचा, मोठ्या मशीनवर फोटो काढायचे, आणि पोट उघडून पिशवी अख्खीच्या अख्खी बाहेर काढायची. पाळी चालू असेल तर दुर्बिणीतून होईल. चार छोटी भोकं पाडायची, आत मशीन घालून पिशवीचे बारीक तुकडे करायचे आणि भोकातून ओढून घ्यायचे."

"अन् कामाला कधी लागंल? चैताची जत्रा तोंडावर हाय."

"दुर्बिणीतून केलं तर आठ-दहा दिवसांत घरात हिंडायला लागतील. पोट उघडलं तर दोन महिने जड काही उचलायचं नाही."

"मग दुर्बिणीचंच करा," दादा म्हणाले.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी थैली या हातातून त्या हातात घेतली. अक्काची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. हे अक्काला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं.

आता हे सांगायचं तर आमच्या घरचं सांगायला हवं. आम्ही गुरव. गावच्या भैरोबाची पूजा आमच्या घरात. देव बापडा दगडाचा, त्याला भूक लागत नाही. पण त्याच्या नावाने जेवणारं गाव मोठं. रोज पहाटे चारला उठायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं, ओलेत्याने चूल पेटवायची आणि पुरणावरणाचा नैवेद्य सात वाजेपर्यंत देवळात पोचवायचा. रविवारी तर भक्तांचे तीस-चाळीस नैवेद्य. ताप आला, पाठ धरली, भाऊ वारला, तरी चूल थांबायची नाही. बाईला त्यातून सुट्टी मिळायची ती एकाच कारणाने. बाई बाहेरची झाली की तिला चार दिवस परसातल्या खोलीत बसवायचे. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, कशाला शिवायचं नाही, काही करायचं नाही. शहाण्या बायका या चालीला नावं ठेवतात, आणि ठेवावीत. आम्हाला मात्र महिन्यातून चार सकाळी उजेड झाल्यावर डोळे उघडायला मिळायचे ते त्या खोलीतच.

अक्का एकोणपन्नास वर्षांची असताना एका दुपारी धुणं पिळता पिळता म्हणाली, "छाये, तीन म्हैनं झालं. माझी गेली वाटतं गं."

आणि रडायला लागली. मला वाटलं, वय झाल्याचं रडतेय. मी चेष्टा केली, "आता काय पाळणा हलवायचा होता व्हय अक्का?"

"पाळण्याचं न्हवं गं," ती म्हणाली. "आता मरूस्तवर रोज चार वाजता उठायचं."

ही सगळी करणी पुढे माझी. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माझा स्वभाव. मी म्हणाले, "मग सांगतंय कोण? तारीख आली की बसायचं. आत येऊन बघणार हाय का कुणी?"

"देवाला कळंल."

"देव काय चुलीपाशी येतोय? मी करीन तुमच्या वाटणीचं. माझ्या दोन्ही बाळंतपणात तुम्ही सव्वा-सव्वा महिना केलंत, ते काय मी विसरले?"

ती बसायला लागली. पहिल्या महिन्यात ती पाऊल वाजलं की दचकायची. दुसऱ्या महिन्यात ती दोन दिवस नुसती झोपली. मग सवय झाली. मी ताट सरकवायला गेले की आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मीच तिला म्हणायचे.

दोन वर्षं अशी गेली आणि मामांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला. नेमकी अक्का त्या दिवशी बाजूला बसलेली. मामांचा जीव थोरल्या सुनेवर फार. जड जिभेने ते दोनदा म्हणाले, "थोरलीला बोलवा. तिच्या हातनं पाणी द्या."

आत्ती म्हणाल्या, "ती बाहेर हाय. शिवायची न्हाई."

अक्का परसदारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. आत येऊन चमचाभर पाणी घालायला तिला कसलीच अडचण नव्हती, फक्त ती आली असती तर खोटं उघडं पडलं असतं. मी मान हलवली, नको म्हणून. पाणी मी पाजलं, ते त्यांच्या ओठावरून खाली आलं, आणि तासाभरात मामा गेले. दादा त्या दिवशी बापाच्या पायाशी डोकं ठेवून म्हणत होते, "शेवटची विच्छा बी पुरी झाली न्हाई." त्यानंतर आम्ही दोघी त्या खोलीत कधी हसलो नाही. पण ती बसायची थांबलीही नाही. थांबवायचं तर काय सांगून थांबवणार?

ऑपरेशनच्या आधी सहा महिने अक्काला खरंच रक्त जायला लागलं. मला सांगताना ती जरा हसलीच, "खोटं बोलता बोलता खरं झालं बघ." पण हे रक्त तारखा पाळत नव्हतं. चार दिवस झाले की नेमाप्रमाणे न्हाऊन ती चुलीपाशी यायची आणि रक्त तर चालूच असायचं. कधी दहा दिवस, कधी पंधरा. त्या अंगाने देवाचा नैवेद्य करताना ती मनातल्या मनात भैरोबाची माफी मागायची. मी म्हणायचे, दवाखान्यात चला. ती म्हणायची, जत्रा होऊ दे. शेवटी एका रविवारी देवळाच्या पायरीवर नैवेद्याचं ताट घेऊन चक्कर येऊन पडली, तेव्हा दादांनी गाडी केली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी तिला दाखल केलं. सिस्टर कागद भरायला आली. नाव, वय, मुलं किती, सगळं विचारून झालं आणि म्हणाली, "शेवटची पाळी कधी आली?"

"सोळा तारखेला," अक्का म्हणाली. सोळाला ती बाजूला बसली होती.

सिस्टर गेल्यावर मी कॉटवर टेकले. "अक्का, मी डॉक्टरला खरं सांगते. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं न्हवं तुम्ही? पाळी गेल्यावर रक्त आलं तर वाईट असतं म्हणाले. तपासून तर घेऊ दे त्यांना."

"अन् पोट का उघडायचं म्हणून ह्यांनी इचारलं तर? दुर्बिणीचं ठरल्यालं का बदललं म्हणून?"

"काहीतरी सांगतील डॉक्टर."

"डॉक्टर खरं त्येच सांगणार. मग हे मोजत बसतील, कवापासनं. चार वरसं म्हणलं की ह्यांस्नी मामा आठवतील." तिने माझं मनगट धरलं. "त्यांचा बाप पाणी मागत गेला छाये. अन् मी दारात धडधाकट उभी हुते. ह्ये कळल्यावर मी त्या घरात कशी राहू?"

"आणि गाठ तसली असली तर?"

"नसंल. आजवर कुणाचं वाईट केलंय मी?"

खरं सांगते, मी घाबरले ते तिच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त. दादांनी खोदून विचारलं असतं, तर ही कल्पना कुणाची, हेही निघालं असतं. मामांच्या वेळी मान कुणी हलवली, तेही निघालं असतं. मी स्वतःची समजूत घातली, की शंभरातल्या नव्याण्णव गाठी साध्याच असतात. हा आकडा मला कुणी सांगितला होता, ते मला आजही आठवत नाही.

सकाळी तिला आत नेलं. दादा सही करायला गेले होते, आत्ती बाकड्यावर माळ ओढत होत्या. डॉक्टर टोपी बांधत आले आणि माझ्यापाशी थांबले. "तुम्ही जाऊबाई ना? काही विचारायचंय?"

माझं तोंड गावात प्रसिद्ध. पाण्याच्या नळावर माझ्या वाटेला कुणी जात नाही. त्या दिवशी मला चार शब्द बोलायचे होते, "तिची पाळी गेलीय हो." आणि मी म्हणाले, "दुखंल का तिला?"

"छे, भूल देणार आहोत," ते म्हणाले आणि दार लोटून आत गेले.

दीड तासाने त्यांनी आम्हाला बोलावलं आणि काचेची बरणी दाखवली. आत चिरलेल्या दुधीसारखे पांढरट तुकडे होते, काही गुलाबी. "सगळी निघाली. छान झालं. रिवाज म्हणून हे तपासायला पाठवतो," डॉक्टर म्हणाले. दादांनी बरणीला हात जोडले. आत्तींनी नुसतं बघितलं आणि तोंड फिरवलं.

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. दहाव्या दिवशी अक्का हिंडायला लागली आणि जत्रेच्या पुरणाला माझ्या शेजारी बसली. जत्रा पार पडल्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, की सगळे या.

या खेपेला डॉक्टरांनी दादांना आधी सिस्टरबरोबर मिरजेच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी आणायला बाहेर पाठवलं. आत्ती घरीच होत्या. खोलीत अक्का, मी आणि ते.

"मालनबाई," ते म्हणाले, "ती साधी गाठ नव्हती. कॅन्सर होता तो. गाठीच्या पोटातच होता." मग त्यांनी दाराकडे बघितलं. "आता इथे तिसरं कुणी नाही. मला एकच सांगा. पाळी खरंच चालू होती?"

जाऊबाईला त्यांनी मोजलंच नव्हतं बहुतेक. अक्का शांतपणे म्हणाली, "चार वरसं झाली जाऊन."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मीच विचारलं, "आधी कळलं असतं तर?"

"आतला नमुना तपासून सापडलं असतंच असं नाही. ह्या जातीचा कॅन्सर पुष्कळदा लपून राहतो. पण मी मशीन लावलं नसतं. पिशवी अख्खी काढली असती." ते माझ्याशी नाही, टेबलाशी बोलत होते. "आता ते तुकडे करताना त्याचे कण पोटभर उडालेत. आणि मी ह्यांना एकट्यांना विचारायला हवं होतं. नवरा शेजारी बसवून बाईला असलं विचारतात का? वीस वर्षं विचारतोय मी."

अक्काने हात जोडले. "डॉक्टर, ह्यांस्नी सांगू नका."

"आता तरी कशाला लपवता?"

"आता तर सांगूच नका," ती म्हणाली.

डॉक्टरांनी दादांना सांगितलं नाही. मिरजेच्या वाऱ्या झाल्या, औषधाच्या बाटल्या चढल्या, तिचे केस गेले. आठ महिने ती पुरली. पोट पुन्हा भरून आलं, या खेपेला पाण्याने. दादांनी तिला माजघरात, मामांच्या जागेवर कॉट टाकून दिली होती आणि तिचं सगळं ते स्वतः करायचे. तिचे पाय चेपायचे, केस नसलेल्या डोक्याला तेल लावायचे. तेवढं प्रेम त्यांनी आधी कुठे ठेवलं होतं कोण जाणे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, "आमच्या घरात बाईला म्हैन्याचं चार दिस इसावा असतो बगा. तरी असं कसं झालं?" अक्का डोळे मिटून ऐकायची.

तिची खात्री होती की हे देवानं केलं. "इटाळाच्या अंगानं नैवेद्य केला गं मी, रक्त जात असताना. भैरोबानं कायमचं बाजूला बसवलं मला."

"देवानं नाही अक्का. मी केलं," मी एकदा म्हणालेच. रडायला आलं मला. "मी दवाखान्यात दाराशी उभी होते, दोन्ही वेळेला."

तिने "तुझी काय चूक" असं म्हणावं, अशी माझी फार इच्छा होती. तिने तसं म्हटलं नाही. ती म्हणाली, "पाणी दे थोडं." मी पाजलं. पौष महिन्यात एका सकाळी ती गेली.

तेरावं झालं, सुतक फिटलं आणि दुसऱ्या दिवसापासून चूल पुन्हा सुरू झाली. आता करणाऱ्या दोघीच, मी आणि पंचाहत्तरीच्या आत्ती. मी पुरण वाटत होते, आत्ती भाकरीएवढ्या पंजांनी कणीक तिंबत होत्या. न बघताच म्हणाल्या, "तिची पाळी कवाच गेली हुती."

माझा हात पाट्यावर थांबला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाय कशाला पायजे? साडेतीन वरसं तिच्या चार दिसांत परसात दोरीवर कापडाचा एक तुकडा वाळाय दिसला न्हाई. मला काय डोळं न्हाईत?" त्यांनी कणकेचा गोळा उलटा केला. "मीबी सात वरसं तशीच बसले हुते. माझी सासू बसली. ह्या घरात कंच्या बाईची पाळी येळंवर गेलीया?"

"मामा गेले तेव्हा..."

"तवाबी ठावं हुतं. मीच म्हणले न्हवं, बाहेर हाय म्हणून? आत आली असती तर उघडी पडली असती प्वार."

चार वर्षं आम्ही ज्यांना भीत होतो, त्या स्वतःच्या नवऱ्याच्या मरणाच्या वेळी आमचं खोटं सावरत होत्या. आणि मला राग आला, असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. "मग डॉक्टरपुढं का नाही बोललात? समोर खुर्चीवर तर बसला होतात. नुसतं हूं केलं असतं तरी ती वाचली असती!"

"माझा थोरला, श्रीपती, बसला हुता की शेजारी. पोराम्होरं सुनेची लाज काढू?" मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते. "माझं सोड. मी अडाणी, मला त्यातलं निम्मं उमजलं न्हाई. तू शिकल्याली. डॉक्टरनं सांगितल्यालं तुला समदं कळलं हुतं. तू का न्हाई बोललीस?"

बाहेरून दादांनी विचारलं, नैवेद्य झाला का. "झाला," आत्ती म्हणाल्या आणि मी ताट वाढायला घेतलं.

या गोष्टीला बारा वर्षं होऊन गेली. आत्ती गेल्या, दादा थकले, पूजा आता माझा थोरला करतो. पाच वर्षांपूर्वी माझी पाळी गेली. कुणाला वाटेल, मी धडा घेतला असेल, चारचौघांत खरं सांगून टाकलं असेल. मी तसं केलं नाही. गुडघे गेलेत माझे, चार सकाळी मलाही हव्यात. तारीख आली की मी परसातल्या खोलीत जाऊन बसते.

एक मात्र केलं. पहिल्याच महिन्यात सून ताट सरकवायला आली, तेव्हा तिला दार लावायला सांगितलं आणि म्हणाले, "माझी गेलीय. हे बसणं खोटं हाय. पण उद्या मला एक थेंब जरी दिसला आणि डॉक्टरनं विचारलं, तर माझ्या तोंडाकडं बघू नकोस. मी काय बी म्हणले तरी तू खरं सांग."

ती पोरगी हसली नाही. तिने विचारलं, "हे शेजारी बसले असले, तरी?"

"तरीबी," मी म्हणाले.

"आणि थोरले मामांजी?" म्हणजे आमचे दादा.

"सगळं गाव बसलं असलं तरी," मी म्हणाले, आणि तिच्याकडून शपथ घेतली.